घोळणा एकाच बाजूने फुटतोय?



उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो.
आपण कांदा हुंगवतो… आणि विसरतो.

पण मुलगा वयात येत असेल,
एकच नाकपुडी सतत चोंदत असेल,
आणि रक्तही त्याच बाजूने वारंवार येत असेल…
तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा सांगते.
एकच बाजू… वारंवार रक्त… वयात येणारा मुलगा.

नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते.
तिचं नाव अँजिओफायब्रोमा.
हा कॅन्सर नव्हे.
पण गाठ डोळ्याकडे, मेंदूकडे पसरू शकते.

तपासणीसाठी हिचा तुकडा सहसा काढत नाहीत.
रक्त आवरत नाही!
सीटी आणि एमआरआयवर गाठ ओळखू येते.

ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी,
गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बऱ्याचदा आतून बंद करतात.
मग दुर्बिणीने, शक्यतो नाकातूनच, गाठ काढतात.

ती पुन्हा उद्भवू शकते.
म्हणून नंतरही एमआरआयला बोलावतात.