दंडावर व्याज नाही



हप्ता चुकला तर दंड बसतो, याला आमची हरकत नाही. घेतलेले पैसे वेळेवर फेडावेत, हे आम्हीही कामगारांना सांगत आलो. प्रश्न एवढाच, की हा दंड वाढत वाढत कुठवर जायचा?

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. त्यांचा खरा राग कागदावर होता. कर्ज वहीत वाढत होते आणि ती वही ऋणकोला वाचता येत नव्हती.

सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तो पुणे जिल्ह्यालाही लागू होता. नुसते खत पाहून हुकूमनामा न देता न्यायाधीशाने मुळापासून हिशेब तपासावा, असे त्याचे सांगणे. दामदुपटीचा दंडक तर त्याहून जुना. मुद्दलाहून अधिक व्याज सावकाराने घेऊ नये, ही मर्यादा २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यातही आहे. मात्र तो कायदा बँकांना लागत नाही.

आता वही संगणकात गेली आहे. समजा, हप्ता चुकला म्हणून २०० रुपये दंड झाला. तो मुद्दलात मिळवला, की पुढच्या महिन्यापासून त्या दंडालाही व्याज फुटते. हे थांबवणारा आदेश रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढला आणि तो २०२४ पासून अमलात आला. दंड व्याजदरात मिसळू नये, त्यावर व्याज आकारू नये, तो वाजवी असावा आणि कर्जाच्या करारात आधी सांगितलेला असावा. दंड शिस्तीसाठी आहे, कमाईसाठी नाही, हे त्याचे सार. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत.

उशीर दुसऱ्या बाजूनेही होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत उसाचे पैसे दिले नाहीत, तर दरसाल १५ टक्के व्याज द्यावे लागते. ते व्याज मागणारे जुन्नर-आंबेगावात किती निघतील? गरिबाचा उशीर हा गुन्हा आणि मोठ्यांचा उशीर ही अडचण, असे मानायची आपल्याला सवय झाली आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बँकेत जा, खातेउतारा मागा. मुद्दल, व्याज आणि दंड हे तीन आकडे वेगवेगळे करून घ्या. चूक दिसली तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. सुप्याच्या शेतकऱ्यांना वही वाचता आली नाही, म्हणून त्यांनी ती जाळली. आपल्याला वाचता येते. तेव्हा आपण ती वाचलीच पाहिजे.