दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि वेळेचे मोल



काही व्याधी अशा असतात की त्यांचा उच्चार चारचौघांत होत नाही. गुदाशयाची गाठ ही त्यांपैकीच एक. शौचावाटे रक्त जाते, शौचाची नेहमीची सवय बदलते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. तरीही ‘मूळव्याध असेल’ अशी मनाची समजूत घालून मनुष्य महिनोन्महिने घरगुती औषधे घेत राहतो. संकोचापोटी गमावलेले हे महिने फार महाग पडतात. कारण या रोगावर आज जी सौम्य शस्त्रक्रिया उपलब्ध आहे, ती प्रामुख्याने वेळेवर आलेल्या रुग्णासाठीच आहे.

मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. १९०८ मध्ये लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी त्याच्या कर्करोगासाठी एक मोठी शस्त्रक्रिया मांडली. तीत गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकावे लागत. प्राण वाचत, परंतु पोटावर कायमचा मलमार्ग आणि त्यावर पिशवी येई. पुढील कित्येक दशके असंख्य रुग्णांना हेच स्वीकारावे लागले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील डॉ. गेरहार्ड ब्युस यांनी निराळी वाट शोधली. सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाची नळी गुदद्वारातून आत सरकवायची, वायू भरून गुदाशय फुगवायचा, दुर्बिणीतून गाठ मोठी करून पाहायची आणि लांब, बारीक उपकरणांनी ती कापून आतूनच टाके घालायचे. पोटावर एकही छेद नाही! कुशल रफूगाराने बाहीच्या आत हात घालून रफू करावे, तसेच हे काम. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा येथील शल्यविशारदांनी यासाठी मऊ नळी आणि नेहमीचीच दुर्बिणीची उपकरणे वापरून दाखविली. त्यामुळे ही पद्धत अधिक रुग्णालयांच्या आवाक्यात आली.

गाठ मोठी असेल तर गुदाशयाचा भाग काढावाच लागतो. मात्र तेही आता पोटावरील लहान छिद्रांतून दुर्बिणीद्वारे करता येते. भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. सर ज. जी. रुग्णालयात १९७२ पासून त्यांनी पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण वापरली आणि १९९० मध्ये तिच्या साहाय्याने पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. २०२३ मध्ये ते निवर्तले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आज गुदाशयाच्या कर्करोगावर दुर्बिणीद्वारे, तसेच यंत्रमानवाच्या साहाय्यानेही शस्त्रक्रिया होतात.

तथापि, छेद लहान म्हणून रोग लहान होत नाही. केवळ आतून गाठ काढण्याचा उपाय साध्या गाठींना आणि अगदी प्रारंभीच्या कर्करोगालाच लागू पडतो. रोग आतड्याच्या भिंतीत खोल उतरला असेल किंवा आसपासच्या गाठींत पसरला असेल, तर तो अपुरा ठरतो. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर कधी कधी पुढे मोठी शस्त्रक्रियाही करावी लागते. रफू लहान छिद्राला होते. वस्त्र विरल्यावर होत नाही.

दुर्बिणीच्या मोठ्या शस्त्रक्रियेविषयीही जाणकारांत मतभेद झाले. २०१५ मध्ये युरोपातील एका मोठ्या अभ्यासात, तीन वर्षांनंतर रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सारखेच आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील अभ्यासांत मात्र, गाठ निर्दोषपणे काढण्यात दुर्बीण कमी पडत नाही, हे सिद्ध होऊ शकले नाही. म्हणून यंत्रापेक्षा ते हाताळणाऱ्या हाताचा अनुभव महत्त्वाचा. रुग्णाच्या नातेवाइकांनी तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत : एमआरआय आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी झाली आहे काय? आधी किरणोपचार किंवा औषधे देणे आवश्यक आहे काय? अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत?

सालेकसा हे आडबाजूचे गाव वाटले, तरी ते मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि त्याच रुळांवरून पुढे मुंबई गाठता येते. कर्करुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तेव्हा अंतर आणि पैसा या अडचणींवर काही ना काही मार्ग निघतो. संकोचावर मात्र घरातूनच मार्ग काढावा लागतो.

डॉक्टरांनी बोटाने केलेली साधी तपासणी काही मिनिटांत होते आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठी बहुधा तिच्यातच हाताला लागतात. रक्त दिसत राहिले, तर ती तपासणी आणि आवश्यक तेथे दुर्बिणीची तपासणी टाळू नये. घरातील वडीलधारे, विशेषतः माता-भगिनी, हे दुखणे मुकाट्याने सोसतात. त्यांना आपुलकीने विचारणे आणि सोबत घेऊन दवाखान्यात जाणे, हे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. पोटावरची कायमची पिशवी टळावी, यासाठीचे पहिले पाऊल तेच होय.