सातपुड्याच्या पायथ्याशी जीवशास्त्र

जीवशास्त्राची पदवी ग्रहण करून आज विद्यापीठाच्या दप्तरी ज्यांची नावे कायमची रुजू झाली अशा स्नातक मित्रहो,

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला, २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ज्याच्या दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ६९ आदिवासी आहेत, आणि ज्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा व मुलुखातून तापी वाहते, असा हा नंदुरबार जिल्हा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला जे शिकवू शकतो ते केवळ ग्रंथांच्या बळावर शिकविता येणार नाही, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. आणि तरीही हा विषय पुष्कळ ठिकाणी फळ्यावरील आकृती, मागील वर्षाच्या जर्नलावरून उतरवून घेतलेले प्रयोग आणि परीक्षेनंतर विसरले जाणारे पाठांतर एवढ्यावरच भागविला जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

तुमच्यापैकी कित्येकांनी आपल्या घरी, निदान आपल्या पाड्यावर, सिकलसेलचा रुग्ण पाहिला असेल. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे ठणकू लागतात, आणि कोवळ्या वयाचे मूल असह्य वेदनेने रात्र काढते. या व्याधीचे मूळ रेणूतील विकृतीत आहे हे पाउलिंग यांनी १९४९ साली दाखविले, आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक, हे इन्ग्रम यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत सिद्ध केले. ऋणभारित घटक जाऊन तेथे भाररहित घटक आल्यामुळे विद्युत्क्षेत्रात हे हिमोग्लोबिन धनाग्राकडे सावकाश सरकते. म्हणून साध्या विद्राव्यता-चाचणीत द्रावण गढूळ झाल्यावरही जो उलगडा होत नाही, तो, म्हणजे हा मनुष्य वाहक आहे की रुग्ण, विद्युत्कणसंचलनाच्या पट्ट्यावर डोळ्यांना दिसतो. ज्याने तो पट्टा स्वतःच्या हाताने तयार केला, त्याला रसायन आणि भौतिकी हे विषय परके राहत नाहीत.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. एखाद्या समूहात सदोष जनुकाचे प्रमाण १० टक्के आहे असे मानले, तर हार्डी-वाइनबर्ग यांच्या १९०८ च्या नियमाप्रमाणे तेथे १८ टक्के वाहक आणि १ टक्का रुग्ण निघावेत. हा हिशेब यदृच्छेने विवाह होतात या गृहीतावर उभा आहे. पण पावरा, भिल्ल, मावची, कोकणा हे समाज बहुधा आपापल्या समाजातच, मात्र कुळाबाहेर, सोयरिक करतात. प्रमाण निरनिराळे असलेले दोन समाज विद्यार्थ्याने एकाच कोष्टकात मांडले, तर रुग्ण अपेक्षेहून अधिक आणि वाहक कमी दिसतील, आणि त्याला वाटेल की आपली गणना चुकली. गणना चुकलेली नसते. समाजशास्त्राची बाब विचारात घेतलेली नसते. हा जनुक टिकला तरी का, याचे उत्तर ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत शोधले: वाहकाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणजे डास, अरण्य आणि इतिहास हेही त्या एका रक्तबिंदूत सामावलेले आहेत.

शास्त्रांच्या सीमा ओलांडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ साली गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे जे सूत्र मांडले ते आजही त्यांच्या नावाने वापरात आहे. आणि हेच गृहस्थ प्राचीन नाण्यांचे वजन करीत, संस्कृत ग्रंथांचे संपादन करीत आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पाषाणयुगीन हत्यारे वेचीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांची तजवीज झाली, हे मी स्वागतार्ह मानतो. मात्र अंमलबजावणी शिक्क्यानिशी मिळणाऱ्या दाखल्यापुरती उरली, तर जुनीच जर्नले नव्या नावाने उतरविली जातील. याउलट धडगाव तालुक्यात बाएफ या संस्थेने शेतकऱ्यांच्या साहाय्याने मका व ज्वारी यांच्या स्थानिक वाणांचे जे जतन केले आहे, तेथे एक हंगाम काढणाऱ्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र, हवामान आणि बाजारभाव यांचा संबंध कोणी निराळा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवहीही अशीच: ती भरण्यास झाडाचे शास्त्रीय नाव जाणणारा विद्यार्थी हवा आणि त्या झाडाचा उपयोग जाणणारी आजीही हवी. अध्यापकवर्गास माझी विनंती आहे की, अशा कामास गुणपत्रिकेत पोटविषयाची नव्हे, मुख्य विषयाची जागा द्यावी.

स्नातक मित्रहो, तुमच्यापैकी कोणी आश्रमशाळेत शिक्षक होतील, कोणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतील, कोणी स्पर्धापरीक्षांच्या मार्गाने तालुक्याच्या कचेरीत बसतील. ज्यांनी स्वतःची सिकलसेल तपासणी अद्याप करून घेतलेली नाही त्यांनी ती विनाविलंब करून घ्यावी; आणि वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, परंतु दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भारपणी चारांत एक संभव रुग्ण अपत्याचा असतो, ही गोष्ट आपापल्या पाड्यावरील विवाहयोग्य मुलामुलींना, त्यांच्या आईवडिलांना, त्यांच्याच बोलीत, कोणालाही न दुखविता, सोयरिक ठरण्यापूर्वी समजावून सांगावी, एवढे मी तुमच्याकडे मागतो.