पडद्यामागचे कपाट
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखरूप)



ग्रंथालयाच्या शताब्दीत चित्रपटाचा विषय निघावा, हे काहींना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. पुस्तक आणि चित्रपट यांच्यात जणू सवतीमत्सर आहे, एकाची भरभराट म्हणजे दुसऱ्याचा ऱ्हास, असे धरून चालण्याची सवय वाचकवर्गाला जडली आहे. गावोगाव चित्रपटगृहे उभी राहिली तेव्हा ही तक्रार ऐकू आली, दूरदर्शन घराघरांत शिरले तेव्हाही ऐकू आली. परंतु हिंदी पडद्यावर नायक म्हणून गाजलेल्या एका मराठी नटाचे चित्रपट क्रमाने पाहू गेल्यास या समजुतीला तडा जातो. तो नट म्हणजे अमोल पालेकर. त्यांच्या चित्रपटांमागे पुस्तकांचे एक भरलेले कपाट उभे आहे. त्यात हिंदी, बंगाली, राजस्थानी आणि मराठी साहित्य शेजारी शेजारी नांदते. ते कपाट उघडून पाहणे हा या व्याख्यानाचा हेतू होय.

पांढुर्णा आणि सौंसरच्या वाचकाला हा विषय अधिक जवळचा वाटावा, याला कारण आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. बाजारहाट, दवाखाना आणि सोयरीक मात्र नागपूरच्याच वाटेवर राहिली. जाम नदीच्या काठी घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, असा व्यवहार तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी भाषेचे हे दुहेरी वास्तव पालटलेले नाही. अशा ठिकाणी मराठी ग्रंथालय चालवणाऱ्यांपुढे एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो : हिंदीत शिकणारी मुले मराठी कपाटाकडे कशासाठी वळावीत? पालेकरांच्या वाटचालीत या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे.

पालेकरांचा जन्म १९४४ चा, मुंबईचा. जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे काही वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली. रंगभूमीवर त्यांना घडवले ते सत्यदेव दुबे यांनी. हे दुबे मूळचे बिलासपूरचे, म्हणजे त्या काळच्या मध्य प्रांतातले. मातृभाषा हिंदी असलेल्या या गृहस्थाने मुंबईत येऊन मराठी नाटकाला नवे वळण देण्यात मोठा वाटा उचलला. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावरील १९७१ चा मराठी चित्रपट दुबे यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यात पालेकरांची भूमिका होती. १९७२ साली पालेकरांनी ‘अनिकेत’ ही आपली नाट्यसंस्था काढली. हिंदीभाषक गुरूने मराठी नाटक करावे आणि त्याच्या मराठी शिष्याने हिंदी चित्रपटाचा नायक व्हावे, ही देवघेव ज्या मातीत सहज वाटावी ती माती बिलासपूरपासून नागपूरपर्यंत पसरलेली होती, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

१९७४ साली बासू चॅटर्जी यांचा ‘रजनीगंधा’ आला. त्याची कथा मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या हिंदी कथेवरून घेतलेली होती. मन्नूजींचा जन्म मध्य प्रदेशातील भानपुऱ्याचा. मूळ कथा कानपूर आणि कलकत्ता या दोन शहरांत घडते आणि नायिकेच्या रोजनिशीतून उलगडते; चित्रपटाने ती दिल्ली आणि मुंबईत आणली. पालेकरांचा संजय हा वेळ न पाळणारा, कचेरीतील बढतीच्या गप्पांत रमणारा आणि तरीही येताना निशिगंधाची फुले आणणारा साधा नोकरदार आहे. हिंदी चित्रपटाच्या नायकाला तोवर अशा दुर्गुणांची मुभा नव्हती. तो एक तर शूर असे, नाही तर शोकाकुल. संजय मात्र मुळात कथेतला माणूस होता, आणि कथेतल्या माणसाला सामान्य असण्याचा हक्क असतो.

हा हक्क घेऊनच पालेकर पुढे आले. १९७६ च्या ‘चितचोर’मध्ये सुबोध घोष यांच्या बंगाली कथेचा आधार आहे. तेथे पालेकर ओव्हरसियर आहेत आणि नायिकेचे आईवडील त्यांना परदेशातून येणारा इंजिनियर समजून पाहुणचार करतात. खरा इंजिनियर गावात येताच त्या पाहुणचाराचे पारडे फिरते. वरवर पाहता ही हलकीफुलकी प्रेमकथा आहे. परंतु ज्या घरात मुलीच्या लग्नाचा विचार चालू असतो, तेथे पदवी आणि पगार यांचे वजन कसे केले जाते, हे कोणत्याही गावातील प्रेक्षकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच वर्षीच्या ‘छोटी सी बात’मधला अरुण भिडस्त आहे. बसथांब्यावर रोज दिसणाऱ्या मुलीशी बोलण्याचे धैर्य त्याला होत नाही. १९७९ चा हृषीकेश मुखर्जी यांचा ‘गोलमाल’ तर नोकरी टिकवण्यासाठी खोटी मिशी आणि खोटा भाऊ उभा करणाऱ्या तरुणाची गोष्ट आहे. या भूमिकेसाठी पालेकरांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पडद्यावर संतप्त तरुणाचे युग जोरात असताना एका मवाळ कारकुनाने ते पटकवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

येथवर जे सांगितले ते बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणूनच पालेकर म्हटले की निरागस, सरळमार्गी मध्यमवर्गीय माणूस, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. ते अपुरे आहे. कपाटाचा खालचा कप्पा उघडला की निराळाच माणूस समोर येतो.

१९७७ च्या ‘घरौंदा’ची कथा डॉ. शंकर शेष यांची. तेही बिलासपूरचे, आणि त्यांचे शिक्षण नागपुरात झालेले. हिंदी नाटककार म्हणून त्यांची ख्याती मोठी आहे. या चित्रपटात सुदीप आणि छाया हे दोघे मुंबईतले नोकरदार स्वतःच्या घरासाठी पैसा पैसा जमवतात आणि फसवले जातात. छायाचे वयस्क, हृदयविकाराने आजारी असलेले मालक तिला मागणी घालतात. तेव्हा सुदीप तिला त्या लग्नाला होकार देण्यास सुचवतो. मालक फार दिवस जगणार नाही, मग घर आणि पैसा दोन्ही आपलेच, असा त्याचा हिशेब असतो. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षकांनी भाबडेपणा पाहिला होता, त्याच चेहऱ्याने एका माणसाच्या मरणाची वाट पाहावी, हा धक्का साधा नाही. मालकाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली आणि त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. मराठी रंगभूमीवर वाढलेले हे दोन नट हिंदी पडद्यावर समोरासमोर उभे राहतात, तेव्हा मोठ्या आवाजातील संवादांवाचून संघर्ष कसा रंगतो, हे पाहण्यासारखे आहे.

त्याच साली श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ आला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावर तो आधारलेला आहे. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पालेकरांनी त्यात नायिकेच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर संशय घेणारा नवरा केशव दळवी उभा केला. लोकप्रियतेच्या भरात असलेल्या नायकाने अशी भूमिका पत्करणे त्या काळी धाडसाचे होते. ‘आक्रीत’ हा १९८१ चा मराठी चित्रपट त्यांच्या दिग्दर्शनाचा आरंभ. मानवतच्या हत्याकांडावर आधारित ही पटकथा तेंडुलकरांची होती आणि त्यातील क्रूर मुख्य भूमिका पालेकरांनी स्वतः केली.

तथापि या साऱ्यांत विचार करायला लावणारे उदाहरण १९८५ च्या ‘अनकही’चे आहे. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या मराठी नाटकावरून पालेकरांनी हा हिंदी चित्रपट केला. ज्योतिषी बापाने भविष्य वर्तवले आहे की मुलाची पहिली पत्नी बाळंतपणात दगावेल. जिच्यावर प्रेम आहे तिला वाचवण्यासाठी तो मुलगा आधी दुसऱ्याच एका भोळ्या मुलीशी लग्न करतो. मुलगा पालेकर, बाप डॉ. लागू. ‘घरौंदा’शी याची तुलना करून पाहावी. तेथे घरासाठी, येथे प्रेमासाठी. परंतु दोन्हीकडे एक सभ्य, सुशिक्षित तरुण दुसऱ्याचे मरण आपल्या सुखाच्या हिशेबात जमा धरतो. पहिली भूमिका दिग्दर्शकाने दिलेली होती. दुसरी पालेकरांनी स्वतः, मराठी नाटकाच्या पानांतून शोधून काढली. याच चित्रपटातील गायनासाठी पंडित भीमसेन जोशी यांना आणि संगीतासाठी जयदेव यांना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, हीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

म्हणजे सामान्य माणसाचे गोडवे गाणे एवढेच या चित्रपटांचे कार्य नाही. सामान्य माणसाच्या सभ्यतेची ते परीक्षा घेतात. तो भित्रा असतो तेव्हा आपण हसतो, तो लबाडी करतो तेव्हाही हसतो. आणि मग एक वेळ अशी येते की हसू ओठांवर थिजते. वाईट माणूस पडद्यावर पाहून प्रेक्षक निश्चिंत घरी जातो, कारण तो दुसरा कोणी असतो. आपल्यासारखाच माणूस वाईटाच्या उंबरठ्यावर उभा दिसला, तर घरी जातानाही तो सोबत येतो. ही दृष्टी पालेकरांना साहित्यातून मिळाली, असे म्हणावे लागते. चित्रपटाच्या धंद्याला खलनायक आणि नायक वेगळे करून हवे असतात. कथा-कादंबरीला तशी घाई नसते.

हिंदी पडद्याने जी प्रतिष्ठा दिली, तिचा विनियोग पालेकरांनी पुढे कसा केला, हेही पाहण्यासारखे आहे. १९९५ साली त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला. पटकथा स्वतः माडगूळकरांची होती आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. माणदेशातील धनगरवस्तीवर आलेल्या कोवळ्या मास्तराची ही कहाणी शाळा आणि गाव यांचे नाते सांगते. पुढे २००० साली जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेवरून ‘कैरी’, २००१ साली र. धों. कर्वे यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’, आणि २००५ साली विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून ‘पहेली’ त्यांनी केले. दूरदर्शनसाठी वृंदावनलाल वर्मा यांच्या ग्वाल्हेरच्या पार्श्वभूमीवरील ‘मृगनयनी’ या कादंबरीची मालिका केली. २०२४ साली त्यांच्या आठवणींचे ‘ऐवज’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि कपाटात आणखी एका ग्रंथाची भर पडली.

ही यादी ऐकताना एक गोष्ट लक्षात यावी. हिंदीत नाव मिळवणाऱ्या कलावंताला मराठी सोडावी लागत नाही, इतकेच ती सिद्ध करत नाही. हिंदीत त्यांनी जे वेगळेपण आणले, त्याची मुळे खानोलकर, तेंडुलकर आणि मराठी रंगभूमी यांत होती. आणि मराठीत परतताना हिंदीतील अनुभव त्यांच्या उपयोगी पडला. दोन भाषा जाणणाऱ्याकडे कपाटेही दोन असतात. त्यांपैकी एकाला कुलूप लावले, तर तोटा त्या भाषेचा होतोच, पण त्याहून अधिक त्या माणसाचा होतो. सीमेवर राहणाऱ्या मुलाला मराठी वाचा म्हणून सांगताना अस्मितेची हाक पुष्कळदा दिली जाते. ती काही काळ पुरते, पुढे थकते. तुझ्या हाती जे दुसरे कपाट आयतेच आले आहे ते इतरांना मिळत नाही, ही जाणीव अधिक टिकाऊ ठरावी.

त्या दृष्टीने या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकासाठी एक साधी सूचना करता येईल. ‘यही सच है’, शंकर शेषांची नाटके, ‘सांगत्ये ऐका’, ‘कालाय तस्मै नमः’, ‘बनगरवाडी’ आणि ‘मृगनयनी’ ही पुस्तके भाषेनुसार वेगळी न ठेवता एका फळीवर मांडावीत आणि त्यांवरील चित्रपटांची नावे शेजारी लिहावीत. चित्रपट पाहून आलेला तरुण सभासद मूळ कथा कोठे आहे असे विचारू लागला, म्हणजे ग्रंथपालाचे अर्धे काम झाले. हिंदी पुस्तक घेण्यासाठी पुढे केलेला हात शेजारच्या मराठी पुस्तकावर पडेल, तेव्हा उरलेले अर्धेही होईल. शंभर वर्षे ज्यांनी वर्गणी भरून आणि देणग्या देऊन हे कपाट राखले, त्यांच्या श्रमांचे चीज अशाच वाचकांच्या हातून व्हावयाचे आहे.