परदेशी जाताना गावचा नंबर जपा

कुंभार पिंपळगावचे निवृत्त गुरुजी सहा महिन्यांसाठी लेकाकडे अमेरिकेला निघाले, की लोणचं-पापड आधी बांधलं जातं. मोबाइलचा रिचार्ज मात्र राहून जातो. मुदत संपली की बँकेचा ओटीपी येणं थांबू शकतं आणि पेन्शन खात्यात पडून राहते. हयातीचा डिजिटल दाखला काढतानाही ओटीपी मोबाइलवर येतो. डिसेंबर 2024मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने विशेष रिचार्जची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर नेली, नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक देणंही कंपन्यांना बंधनकारक केलं. तसा लांब मुदतीचा पॅक मारा, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. रोजच्या बोलण्याला तिथलंच प्रीपेड सिम बरं. रोमिंगचा पॅक नसेल तर भारतीय सिमवरचा कॉल उचलू नका. उचलला की पैसे कापले जातात.