‘हमखास पट्टा’ म्हणणारा कागद आणि वकिलांचा कायदा

(कशेळी येथे पाड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत संघटनेतर्फे झालेले भाषण. जी गावे येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. गावबैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



गेल्या पावसाळ्यात आपल्या काही पाड्यांत एक छापील कागद फिरला. वर वकिलाचा फोटो, खाली मजकूर: वनपट्टा हमखास मिळवून देऊ, आधी पैसे नको, पट्टा मिळाल्यावर जमिनीत हिस्सा द्या. कागद वाटणारा वकील नव्हता, त्याचा माणूस होता. त्याने स्टॅम्पपेपरवर अंगठे घेतले. आपल्यातल्या काहींनी दिलेही. त्यांना आम्ही दोष देत नाही. दावा वर्षानुवर्षे पडून राहिला की जो ‘होईल’ म्हणतो त्याच्यामागे माणूस जातो. आणि इथे कशेळी-काल्हेरला बघा, शेतांच्या जागी गोदामे झाली. जमिनीला भाव आला की दलाल येणारच.

म्हणून आज एवढेच बोलायचे आहे: वकिलाला अशी जाहिरात करता येते का? नाही.

1961 च्या वकील कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम केलेत. त्यातला नियम 36 म्हणतो, वकिलाने काम मागत फिरायचे नाही. पत्रके वाटायची नाहीत, दलाल ठेवायचे नाहीत, ओळखपाळख नसताना घरी जाऊन केस मागायची नाही. आपण चालवलेल्या केसवरून पेपरात फोटो छापून आणायचा नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताची हवी. 2008 साली थोडी सूट मिळाली. वेबसाईटवर नाव, पत्ता, फोन, सनद नंबर, शिक्षण, कोणत्या प्रकारचे काम करतो, एवढे सांगता येते. ‘हमखास’ त्यात कुठेच बसत नाही.

दुसरा नियम 20. केस जिंकलो तरच फी, किंवा मिळेल त्यात वाटा, असा करार वकिलाला करता येत नाही. का? कारण मग तो आपला वकील राहत नाही, आपल्या जमिनीचा भागीदार होतो. आणि वनहक्काच्या जमिनीत तर भागीदार होताच येत नाही. 2006 च्या कायद्यात स्पष्ट आहे, हा हक्क मुलाबाळांना वारशाने जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणजे त्या स्टॅम्पपेपरवर जे लिहून घेतले ते कायद्यात टिकणारे नाही. ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी घाबरू नये, लपवूही नये. कागदाची नक्कल घेऊन संघटनेकडे यावे.

हे नियम नुसते पुस्तकात नाहीत. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दाराशी काही वकील उभे राहायचे. पक्षकार आला की त्याच्यावर तुटून पडायचे, केस ओढून घ्यायला आपसात धक्काबुक्की करायचे. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेले. 1975 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की ही गैरवर्तणूकच आहे. वकिली म्हणजे बाजारातली दुकानदारी नव्हे, हा त्याचा अर्थ. मोबाईलवरच्या जाहिरातींबाबत मद्रास हायकोर्टानेही 2024 मध्ये असेच कडक बजावले.

आता कोणी विचारेल, मोठ्या कंपनीला वकील सापडतो, आम्हांला कसा सापडावा? जाहिरात नाही तर आम्हांला कळणार कुठून? प्रश्न खरा आहे. शहरातल्या ओळखीपाळखी आपल्याकडे नाहीत. त्याचे उत्तर असे.

एक, प्रत्येक कामाला वकील लागत नाही. वनहक्काचा दावा ग्रामसभेत होतो, त्याला फी नाही. जुन्या दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, हे पुरावे आपल्याच घरात आहेत. उपविभागीय समितीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जा. दावा तपासून पुरा होईपर्यंत कब्जातून उठवता येत नाही.

दोन, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा राज्याचा कायदा आठवा. त्यात कलेक्टरपुढे कोणत्याच बाजूला वकील उभा राहू शकत नाही, असे कलमच आहे. नाहीतर पैसेवाला मोठा वकील आणणार आणि आपण हात जोडून उभे. हे कलम रद्द करा म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, 1984 साली कोर्टाने ते कायम ठेवले.

तीन, कोर्टातच जावे लागले तर आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्या. 15100 हा फोनही आहे. त्या वकिलाला पैसे द्यायचे नाहीत.

आणि नियम तोडणाऱ्याचे काय? महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ताकीद मिळते, सनद काही काळ थांबते, किंवा कायमची जाते. दलालांसाठी 2023 साली वकील कायद्यात नवे कलम आले. जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर दलालांची यादी लावू शकतात. यादीत नाव लागल्यावरही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेवटी आमची स्वतःची चूक. एका केसमध्ये आपल्या बाजूने निकाल लागला तेव्हा आम्ही या पत्रकात आपल्या वकिलाचे नाव ठळक छापून, यांच्याकडेच जा, असे लिहिणार होतो. त्यांनीच थांबवले. म्हणाले, “निकाल छापा, माझे नाव नको. लढलात तुम्ही.” तेव्हा आम्हांला उमगले की नियम फक्त वाईट वकिलासाठी नसतो. यापुढे या पत्रकात कोणत्याही वकिलाची शिफारस छापणार नाही. माहिती छापू.

प्रत्येक पाड्याने तीन कामे करावीत. तो कागद कुणाकडे असेल तर जपून ठेवा, जाळू नका, तोच पुरावा आहे. अंगठे दिलेल्यांची यादी करा. आणि ग्रामसभेत ठराव घ्या की दाव्याचा कोणताही कागद चार माणसांत वाचल्याशिवाय त्यावर अंगठा उठणार नाही.

जिंदाबाद!