पार्सलवर नाव कोणाचे?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘परदेशी पार्सल’ हा विषय पाहून काहीजणींनी मला सकाळीच विचारले, “अगं, हा तर व्यापाऱ्यांचा विषय. बायकांच्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. आपण घरातल्या मारहाणीवर बोलतो, सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून भांडतो, समान मजुरी मागतो. त्यात हा कस्टमचा कागद कुठून आला?

माझे म्हणणे असे आहे की हा कागद म्हणजे एक प्रकारचा सातबाराच आहे. माल कोणाचा, किंमत किती आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे तो ठरवतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसे राबणारीचे नाव नसते, तसे या कागदावरही बहुतेक वेळा नसते. म्हणून हा विषय आपला आहे.

गेल्या काही वर्षांत गटातल्या बायांच्या हाती मोबाईल आला. कुणी गोधडीचा फोटो टाकला, कुणी गोडा मसाल्याचा, कुणी वारली चित्राचा. फोटोला सीमा नसते. तो दुबईतली भाचीही पाहते आणि अमेरिकेतली एखादी अनोळखी बाईही. मागणी येते. गटात पेढे वाटले जातात. आणि मग लक्षात येते की फोटो एका क्षणात गेला, पण गोधडी जायला बऱ्याच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ‘आयईसी’ची, म्हणजे आयात-निर्यात कोडची. घरच्या माणसाला खाऊ पाठवायला तो लागत नाही. विक्रीसाठी माल पाठवायचा तर लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर निघतो, शुल्क ५०० रुपये. ऐकायला सोपे आहे. पण तो कोड निघतो पॅन कार्डावर, आणि अर्जावर सही करायची तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर आकडा येतो. आता आपापल्या गटात विचारून पाहा. किती जणींच्या आधारला स्वतःचा नंबर जोडलेला आहे? बहुतेकींच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असतो. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच काहीतरी. मग घरातला कोणी शिकलेला पुरुष म्हणतो, “कशाला कटकट? माझ्या नावावर काढतो.” त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. पण तेवढ्याने निर्यातदार तो होतो आणि शिवणारी बाई कामगारसुद्धा राहत नाही, ‘घरची मदत’ होते.

मी ज्या भागात काम करते तिथल्या एका गटात बारा जणींनी शिवलेला माल वर्षभर एकीच्या पुतण्याच्या कोडवर जात होता. पैसेही त्याच्याच खात्यात येत. बायांनी हिशेब मागितला तेव्हा उत्तर मिळाले, “खर्च जाऊन काही उरत नाही.” खर्च म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण एकही पावती त्यांनी पाहिली नव्हती. भांडण न करता त्यांनी एक काम केले. गटातल्या एका ताईच्या कागदांवरची नावे एकसारखी करून घेतली, तिचा स्वतःचा मोबाईल नंबर आधारला जोडला आणि कोड तिच्या नावे काढला. पुढे ती ताई आणि गट यांच्यात लेखी करार केला: पैसे आल्यावर किती दिवसांत वाटायचे, पावत्यांची वही कोणाकडे राहील, नुकसान झाले तर कसे सोसायचे. याला चार महिने लागले. तेवढ्या काळात त्यांचा एकही माल बाहेर गेला नाही. तरीही त्या बाया म्हणतात की ते चार महिने सर्वांत कामाचे होते.

हा कोड एकदा काढला की संपले, असेही नाही. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती संकेतस्थळावर पक्की करावी लागते. त्याला शुल्क नाही. पण ते राहून गेले तर कोड बंद पडतो आणि पार्सल ऐन वेळी अडते. आपल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ही एक ओळ घालून ठेवा.

दुसरी पायरी पोस्टाची. २०२२ पासून टपाल खात्याने ‘डाकघर निर्यात केंद्रे’ सुरू केली. आज देशभरात अशी हजारावर केंद्रे आहेत. पूर्वी पोस्टाने विक्रीचा माल पाठवायचा तर कस्टमच्या कागदांसाठी मुंबईसारख्या शहरातल्या परदेशी टपाल कार्यालयापर्यंत धावपळ होई. आता टपाल निर्यात पत्र संगणकावर भरता येते आणि पार्सल जवळच्या केंद्रात देता येते. ही सोय चांगली आहे आणि आपण ती मागून घेतली पाहिजे. खिडकीवरच्या माणसाला माहिती नसेल तर “वरच्या साहेबांना विचारा” असे नम्रपणे म्हणायचे आणि तिथेच बसून राहायचे. आपल्याला बसून राहण्याचा सराव आहेच.

तिसरी पायरी पैशांची. इथे मी फळ्यावर एक गणित मांडते. खाजगी कुरियरवाले बहुधा दोन वजने पाहतात: काट्यावरचे आणि आकाराचे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि सर्वसाधारणपणे ५००० ने भागायचे. जे वजन जास्त, त्याचे पैसे. आपली गोधडी घडी घालून ५० बाय ४० बाय २५ च्या खोक्यात ठेवली तर गुणाकार ५०,०००. भागिले ५०००, म्हणजे १० किलो. काट्यावर ती चार किलोच भरते! सहा किलो हवेचे पैसे आपण दिले. तीच गोधडी घट्ट दाबून, हवा काढून १२.५ सेंटिमीटर उंचीत बसवली तर ५ किलो. खर्च जवळपास निम्म्यावर आला. आपण धान्याची कोठी चेपून भरतो, तीच ही विद्या. ती कोणी शिकवत नाही एवढेच.

आणि आता चौथी पायरी, जी आपल्या हातात नाही: समोरच्या देशाचा कर. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात शुल्क नव्हते. त्या सवलतीच्या आधारावर जगभरातल्या छोट्या विक्रेत्यांचा धंदा उभा राहिला. ३० जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ती सवलत सगळ्या देशांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि २९ ऑगस्टपासून तो लागू झाला. त्याच महिन्यात भारतीय मालावरचे अतिरिक्त शुल्क दोन टप्प्यांत ५० टक्क्यांवर गेले. शुल्क कोणी गोळा करायचे, कसे भरायचे, हे विमान कंपन्यांनाही स्पष्ट नव्हते. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले. पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू एवढेच सुरुवातीला चालू राहणार होते. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. तेव्हापासूनची पद्धत अशी की शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी भरायचे. त्या वेळचा दर जाहीर किमतीच्या ५० टक्के होता. म्हणजे ६,००० रुपयांच्या गोधडीवर ३,००० रुपये, टपालखर्च वेगळा.

हे निर्णय दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये झाले. त्यांचा फटका कुठे बसला? सातारा जिल्ह्यातल्या एका गटाकडे त्या जुलैत अमेरिकेतून पाच गोधड्यांची मागणी होती, पाच वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची. एकेक गोधडी म्हणजे जवळपास महिनाभराच्या दुपारी. गोधड्या तयार झाल्या आणि पोस्ट बंद झाले. बायांनी पाचही जणींना कळवले. दोघी थांबल्या, तिघींनी मागणी रद्द केली. कापडवाल्याचे पैसे देऊन झाले होते. अडकली ती फक्त मजुरी. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत कोळंबी, कापड, हिरे अशा मोठ्या उद्योगांच्या नुकसानीचे आकडे येत होते. या तीन गोधड्यांची नोंद कोणत्याही आकड्यात नाही. आता तो गट निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय सुई हातात घेत नाही आणि शुल्क कोणी भरायचे हे आधी लेखी ठरवतो. हे फार महत्त्वाचे आहे. कारण गिऱ्हाइकाने दारात शुल्क भरायला नकार दिला तर पार्सल परत येते आणि जाण्या-येण्याचा खर्च आपल्या माथी बसतो. करांचे दर राजकारणाप्रमाणे बदलतात, म्हणून मागच्या पावतीवर विसंबू नका. पाठवायच्या दिवशीचा दर विचारा.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: “ताई, खोक्यावर ‘भेट’ लिहा आणि किंमत कमी दाखवा. सगळेच करतात.” कायद्याने हे चूक आहेच आणि पकडले गेले तर पाठवणारीचेच नाव त्या कागदावर असते. पार्सल हरवले तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीपुरतीच मिळते. निर्यात झाल्याचा पुरावा राहत नाही, म्हणून उद्या बँकेत कर्ज मागायला दाखवायला काही उरत नाही. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त खुपते. आपल्या आज्यांनी, आयांनी जन्मभर गोधड्या शिवल्या आणि त्या कामाला कोणी काम म्हटले नाही. ते माया, हौस, फावल्या वेळेचा उद्योग होता. आज पहिल्यांदा त्याला किंमत मिळत असताना आपणच आपल्या हाताने ‘भेट, किंमत नाममात्र’ असे लिहायचे का?

खाद्यपदार्थांचे नियम तर आणखी बारीक आहेत. घरी केलेला फराळ लेकीला प्रेमाने पाठवणे आणि तोच फराळ विकणे यांत अमेरिकेचा अन्नविभाग फरक करतो. विक्रीच्या मालाची आगाऊ सूचना त्याला द्यावी लागते. आपल्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी लागते ती वेगळी. आणि अनारशांवरची खसखस! संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. तिथल्या मागणीत खसखस असलेला एकही पदार्थ घालू नका, गरम मसाल्यातही तपासा. न्यायला येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतही देऊ नका.

आता खरेदीची बाजू. परदेशातून काही मागवले तर पडद्यावरची किंमत शेवटची नसते. त्यावर कर आणि हाताळणीचा आकार लागू शकतो. ‘भेट’ म्हणून आली तरी वस्तू करातून सुटतेच असे नाही. डिसेंबर २०१९ पासून आपल्याकडे भेट म्हणून सूट मागता येते ती जीवरक्षक औषधे आणि राखी यांनाच. कर खरोखरच लागू शकतो, म्हणूनच त्याच्या नावाने होणारी फसवणूक खरी वाटते. समाजमाध्यमावर ‘लंडनचा डॉक्टर’ ओळख काढतो, महिनोन्‌महिने गोड बोलतो, मग भेट पाठवल्याचे सांगतो. दोन दिवसांनी ‘दिल्ली विमानतळावरच्या कस्टममधून’ एका बाईचा फोन येतो: पार्सल अडकले आहे, अमुक रक्कम भरा. एकदा भरली की दुसरी मागतात. दुसऱ्या प्रकारात सांगतात की तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आता तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका. अशी अटक कायद्यात नाही. कस्टम खाते कोणाच्या खाजगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. त्याच्या पत्रावर एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा. पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात.

पण बाई ते तास गमावते. का? माझ्याकडे आलेल्या एका चाळिशीतल्या बाईने तीन आठवडे कोणाला सांगितले नव्हते. पैसे गेल्याचे दुःख होते, पण भीती वेगळी होती. “परक्या पुरुषाशी बोलत होतीस म्हणून झालं, असंच म्हणतील ना घरी?” ती म्हणाली. म्हणजे चोराचे अर्धे काम आपली घरेच करतात. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘त्याच्याशी बोललीसच कशाला’ हा प्रश्न आपल्या केंद्रात कोणीही विचारायचा नाही, हे आज आपण इथे ठरवून टाकू या.

शेवटी करायच्या गोष्टी सांगते. गटातल्या प्रत्येकीच्या आधार, पॅन आणि बँक खात्यावरचे नाव एकदा तपासा आणि मोबाईल नंबर तिचा स्वतःचा जोडा. कोड, खाते आणि वही बायांच्या नावे असू द्या. शुल्क कोणाचे, हे मागणी घेतानाच लिहून घ्या. ‘माविम’ आणि ‘उमेद’च्या बैठकांत फक्त उत्पादनाचे प्रशिक्षण मागू नका, निर्यातीच्या कागदांचेही मागा, आणि तेही मराठीतून. डाकघर निर्यात केंद्रात मराठी माहितीपत्रक लावण्याची मागणी आपण सह्या गोळा करून मुख्य पोस्टमास्तर जनरलांकडे देऊ. सह्यांचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येकीने सही करताना पूर्ण नाव लिहा, जे तुम्हाला पार्सलवर पाहायचे आहे तेच.